मराठी बॅनर-बोर्डासाठी जाड आणि अरुंद अक्षर: कुठलं घ्यायचं, कसं वापरायचं (पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी)

दुकानाचा बोर्ड असो, मंडळाचा फ्लेक्स असो नाहीतर यूट्यूबचा थंबनेल, सगळीकडे रडगाणं एकच, जागा कमी आणि शब्द जास्त. अशा वेळी लागतं ते जाड आणि अंगाने अरुंद अक्षर, डिझाईनवाले ज्याला बोल्ड कंडेन्स्ड म्हणतात. इंग्रजीत याची चंगळ आहे, मराठीत मोजकेच पर्याय आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळे बहुतेक जण साधं अक्षर घेतात आणि दोन्ही बाजूंनी दाबून बसवतात. मीही तेच केलं होतं. त्यामुळे मामांच्या दुकानाचा बोर्ड दोनदा करावा लागला. तुमचा पहिल्याच फेरीत नीट व्हावा म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी तो बोर्ड सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बोर्ड ६ फूट रुंद, डाव्या बाजूला धान्याच्या पोत्यांचा फोटो हवाच असा मामांचा आग्रह, त्यामुळे "धान्य भांडार" या दोन शब्दांना उरले जेमतेम साडेतीन फूट. मी मुक्ता फॉन्टचा सगळ्यात जाड प्रकार घेतला, अक्षराची उंची १२ इंच धरली, आणि बसेना म्हणून कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवा हँडल धरून आत ढकलला, रुंदी ६५ टक्क्यांवर आली. स्क्रीनवर मस्त दिसत होतं. बोर्ड लागला, आणि रस्त्याच्या पलीकडून वाचलं तर "घान्य मांडार".

का झालं ते नीट समजून घ्या. ध आणि घ, भ आणि म या जोड्यांमध्ये दुरून बघताना मोठा फरक एकच, ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, घ आणि म वर ती सलग असते. (थ चंही तसंच.) अक्षर आडवं दाबलं की ती फट आडवीच दाबली जाते, पण शिरोरेषेची जाडी तेवढीच राहते कारण जाडी उभ्या दिशेची आहे. माझ्या बोर्डावर काना २ इंचांचा सव्वा इंच झाला, पाऊण इंचाची फट अर्ध्या इंचावर आली, आणि शिरोरेषा मात्र २ इंचांचीच, अक्षरांपेक्षा पट्टीच जास्त दिसायला लागली. फट गेली की अक्षरच बदललं!

काय काय लागेल

- कॉम्प्युटर, आणि इंकस्केप (फुकट आहे आणि मराठी जोडाक्षरं बरोबर दाखवतं) किंवा कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर
- युनिकोड मराठी (मोबाईल-वेबसाइटवर सगळीकडे चालते ती टायपिंगची पद्धत) टाइप करायची सोय, विंडोज आणि मोबाईल दोन्हीत कीबोर्ड असतोच
- खाली सांगितलेल्यांपैकी दोन-तीन फॉन्ट
- मेजर टेप, जागा स्वतः जाऊन मोजण्यासाठी
- गिऱ्हाईकाकडून लिहून घेतलेला शेवटचा मजकूर, व्हॉट्सॲपवर टेक्स्ट म्हणून आला तर उत्तम, फोनवर ऐकून टाइप करू नका
- शेवटी साध्या प्रिंटरवर काढलेली दोन-चार पानं

१. आधी मजकूर, मग जागा, मग फॉन्ट

क्रम हाच ठेवा. नवीन माणूस आधी फॉन्ट शोधत बसतो. बोर्डावर दुरून वाचायचे शब्द कुठले ते ठरवा, ते दोन ते चारच असतात, आणि फक्त तेवढ्यांनाच हे जाड-अरुंद अक्षर द्या. पत्ता, वेळ, "आमचेकडे सर्व प्रकारचा माल मिळेल" ही ओळ, हे सगळं साध्या रुंदीच्या अक्षरात. फोन नंबर तर अजिबात या अक्षरात नको, जाड अरुंद आकड्यांमध्ये ३ आणि ८, ६ आणि ८ (इंग्रजी आकडे म्हणतोय) दुरून एकसारखे दिसतात आणि एक आकडा चुकला की फोन दुसरीकडेच जातो.

उंचीचा साइनबोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब असा, दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. तो इंग्रजी अक्षरावरून आलाय, मराठीत मी दीडपट धरतो, आणि उंची मोजताना शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंतच मोजतो, वेलांट्या-उकार सोडून. पलीकडच्या फुटपाथवरून, समजा ४० फुटांवरून वाचायचं असेल तर ६ इंचांच्या खाली जाऊ नका.

२. फॉन्ट निवडा

मराठीत या कामाचे आणि फुकट मिळणारे, गूगल फॉन्ट्सवर असलेले मला माहीत आहेत ते असे.

तेको: अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. अक्षरं चौकोनी वळणाची, रेषेची जाडी जवळपास एकसारखी, आणि एकमेकांना चिकटून बसणारी. लाइट ते बोल्ड पाच जाड्या आहेत. करणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की बोल्ड हा एक-दोन शब्दांसाठी आहे आणि लांब हेडलाईनला रेग्युलर, मीडियम किंवा सेमीबोल्ड वापरा. हे लोक ऐकत नाहीत आणि अख्खं निमंत्रण तेको बोल्डमध्ये टाकतात.

खंड: त्याच फाउंड्रीचा, हाही चौकोनी वळणाचा, पण अक्षराच्या आतली पोकळी जास्त मोकळी आहे. भ, ध, थ यांची गर्दी असलेले शब्द असतील तर मी तेकोऐवजी याच्याकडे वळतो.

अनेक देवनागरी: मुंबईच्या एक टाइपचा, २०२२ चा. माझा सगळ्यात लाडका. यात जाडी आणि रुंदी दोन्ही बदलता येते, रुंदी ७५ ते १२५ (१०० म्हणजे साधी रुंदी) आणि जाडी १०० ते ८००. म्हणजे ७५ रुंदी आणि ८०० जाडी घेतली की बोल्ड कंडेन्स्ड तयार, आणि तो दाबलेला नसतो. त्या रुंदीला कान्याची, शिरोरेषेची जाडी किती हवी, फट किती उघडी हवी हे डिझायनरने बघून काढलेलं असतं. शिवाय हाच फॉन्ट इतर भारतीय लिप्यांमध्येही आहे, त्यामुळे सोलापुरात मराठीखाली कन्नड ओळ हवी असेल तर अनेक कन्नड घ्यायचा, जोडी आपोआप जुळते.

प्रगती नॅरो: अरुंद आहे पण फार जाड नाही, रेग्युलर आणि बोल्ड दोनच. मोठ्या बोर्डाला कमी पडतो, पण दराच्या पाट्या, तक्ते, वेळापत्रक यांना छान.

आता इंग्रजीवाल्यांकडे बघून होणारी एक चूक. इम्पॅक्ट, बेबास न्यूए, ऑस्वाल्ड, अँटन ही नावं सगळ्यांना माहीत असतात, इम्पॅक्ट तर १९६५ मध्ये जेफ्री ली यांनी शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीसाठी केलेला आणि पुढे विंडोजमधून घरोघरी आणि मीममध्ये पोचलेला. पण यांच्यात देवनागरी नाही. तुम्ही बेबास निवडून मराठी टाइप केलंत तर अक्षर दिसतं, पण ते बेबासचं नसतं, सॉफ्टवेअरने गुपचूप दुसरा कुठलातरी फॉन्ट लावलेला असतो, किंवा नुसते चौकोन दिसतात. तुमच्या मशीनवर एक फॉन्ट लागतो, प्रेसवाल्याच्या मशीनवर दुसराच.

३. डाऊनलोड करताना

गूगल फॉन्ट्सवरच तुमचे शब्द टाइप करून बघता येतात, आधी तिथेच बघा. अनेकची झिप उघडली की मोठी एक फाईल दिसते, तो व्हेरिएबल फॉन्ट (सगळ्या जाड्या-रुंद्या एकाच फाईलमध्ये), आणि शेजारी स्टॅटिक नावाचं फोल्डर. कोरलची जुनी आवृत्ती असेल तर व्हेरिएबल नीट चालत नाही, स्टॅटिकमधून कंडेन्स्ड एक्स्ट्राबोल्ड एवढीच फाईल इन्स्टॉल करा.

वर सांगितलेले फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, धंद्यासाठी, छपाईसाठी, वेबसाइटसाठी वापरायला पैसे लागत नाहीत, नुसता फॉन्टच विकायचा नाही एवढीच मुख्य अट. टेलिग्रामवर फिरणाऱ्या "५००० मराठी फॉन्ट" छाप झिपा मात्र घेऊ नका, त्यात परवानगी नसलेले विकतचे फॉन्ट असतात आणि बरेचसे युनिकोड नसतात.

युनिकोडवरून आठवलं. गावातल्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालतं. तुमचा युनिकोड मजकूर त्या फॉन्टमध्ये टाकला किंवा त्यांचा मजकूर तेकोत टाकला की भलतीच अक्षरं उमटतात. फॉन्ट खराब नाही, टायपिंगची पद्धत वेगळी आहे. कन्व्हर्टर मिळतात, पण मोजके चार शब्द असतील तर सरळ नव्याने टाइप करा, कन्व्हर्टर रफार आणि अर्धा र यात हमखास घोळ करतात.

४. कसोटीचे शब्द टाकून बघा

फॉन्ट आवडला म्हणून लगेच वापरू नका. नमुन्याला सगळे "मराठी" नाहीतर "नमस्कार" टाइप करतात, त्यात काहीच कळत नाही, सोपे शब्द सगळ्याच फॉन्टमध्ये छान दिसतात. मी एक यादी फाईलमध्ये सेव्ह करून ठेवलीये, तुम्हीही ठेवा:

धान्य भांडार, मध, भाऊ माऊ, थोडं, घट्ट, खव्याचे, महाराष्ट्र, उत्कृष्ट, स्त्री, ज्ञानेश्वर, शुद्ध, दुसऱ्या, कार्यालय, लोकल, शाळा, ॲप, ऑफर, कुर्ल्यातून

"खव्याचे" मध्ये ख हा र आणि व असा फुटतोय का ते बघायचं. "महाराष्ट्र" मध्ये ष्ट्र. इतकी गर्दी एका अक्षरात जाड रेषेने बसवायची तर चांगला डिझायनर तिथे रेषा थोडी बारीक करतो, जे कच्चं काम असतं त्यात तो नुसता काळा डाग दिसतो. "दुसऱ्या" आणि "कार्यालय" शेजारी ठेवायचे कारण पहिल्यात अर्धा र आडवा, पापणीसारखा हवा आणि दुसऱ्यात डोक्यावर रफार, काही फॉन्टमध्ये पहिलाही रफार होऊन जातो आणि ते मराठीत चालत नाही. "लोकल शाळा" हे ल आणि श साठी, हिंदी वळणाचा ल येतोय की आपला मराठी वळणाचा ते कळतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की बदलतात. वेबसाइट करत असाल तर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, त्याशिवाय ते बदलत नाहीत.

वेलांटी अक्षराच्या पुढे जातेय, जोडाक्षरं पाय मोडून दिसतायत असं झालं तर फॉन्टला दोष देऊ नका, सॉफ्टवेअरची सेटिंग बघा. इनडिझाईनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन कंपोजर.

५. दाबू नका, ताणू नका, बॉर्डरने जाड करू नका

दाबण्याचं वर सांगितलं. आता बसत नसेल तर काय करायचं? पहिलं म्हणजे खरंच अरुंद काढलेला प्रकार घ्यायचा. मामांचा दुसरा बोर्ड मी अनेकच्या कंडेन्स्ड एक्स्ट्राबोल्डमध्ये केला, तरी १२ इंच उंचीला बसत नव्हता, मग उंची दीड इंचाने कमी केली, साडेदहाला बरोबर बसला. अक्षर लहान झालं आणि वाचायला सोपं झालं, मामांना आधी पटत नव्हतं, रस्ता ओलांडून उभं केल्यावर पटलं. दुसरा मार्ग दोन ओळी करायच्या. तिसरा, मजकुरातला एक शब्द काढायचा, आणि खरं सांगायचं तर हाच मार्ग सगळ्यात जास्त वेळा कामी येतो. फारच गरज पडली तर ९५ टक्क्यांपर्यंत दाबलेलं डोळ्याला कळत नाही, त्याखाली हात लावू नका.

बोल्ड पुरेसा जाड वाटत नाही म्हणून अक्षराच्याच रंगाची आउटलाईन देणारे खूप आहेत. आउटलाईन बाहेर जेवढी जाते तेवढीच आतही येते, आणि जाड अक्षराच्या आत आधीच जागा नसते, भ ची फट, थ ची गाठ, ष चं पोट सगळं बुजतं. फोटोवर अक्षर टाकायचंय आणि पांढरी किनार हवीच असेल तर ती अक्षराच्या मागे जाईल अशी द्या, कोरलमध्ये आउटलाईनला बिहाइंड फिल हा पर्याय आहे.

६. ओळीतलं आणि अक्षरातलं अंतर

इंग्रजी पोस्टरमध्ये जाड अरुंद कॅपिटल अक्षरांच्या ओळी एकावर एक घट्ट रचलेल्या असतात, विटांच्या भिंतीसारख्या. ते बघून आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं. कॅपिटल अक्षरांना वरखाली काही नसतं, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीचा "कु" आणि खालच्या ओळीचा "र्ती" बरोबर एकमेकांखाली आले की भिडलेच. म्हणून इंग्रजीत फॉन्ट साईजच्या ९० टक्के अंतर चालतं तिथे मराठीत ११० ते १२५ पासून सुरू करा आणि मग शब्द बघून कमी-जास्त करा. कधीकधी नुसती ओळ कुठे तोडायची ते बदललं तरी टक्कर टळते, "गणेशोत्सवानिमित्त भव्य / रक्तदान शिबिर" ऐवजी "गणेशोत्सवानिमित्त / भव्य रक्तदान शिबिर" केलं की मात्रा-वेलांट्यांची ठिकाणंच बदलतात. खूप घट्ट हवं असेल तर शब्दच असे निवडा ज्यात वरखाली काही नाही, पण अशी चैन क्वचितच मिळते.

अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवायचंच नाही, शून्यावर ठेवा. इंग्रजी कॅपिटलला थोडं अंतर दिलं तर खुलतात, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वेबसाइटवर ही चूक फार दिसते, इंग्रजी हेडिंगला दिलेलं अंतर मराठीलाही लागू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

७. मराठीशेजारी इंग्रजी

तेको, खंड, अनेक या सगळ्यांत इंग्रजी अक्षरं आहेत, तीच वापरा, जाडी आधीच जुळवलेली असते. वेगळा इंग्रजी फॉन्ट लावायचाच असेल तर पॉईंट साईज सारखा ठेवून तुलना करू नका, ७२ पॉईंटचा एक फॉन्ट दुसऱ्या ७२ पॉईंटपेक्षा चांगलाच लहान-मोठा असू शकतो. दोन्ही शब्द शेजारी ठेवा, इंग्रजी कॅपिटलची उभी रेषा आणि मराठीचा काना यांची जाडी डोळ्याने जुळवा.

पूर्वी नाटकाच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार नाटकाचं नाव हाताने काढायचे, मिळालेल्या जागेत ते नाव कसं उभं राहील याचा विचार त्या अक्षरातच असायचा. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं मिळाली तर नीट बघा, कुठला काना लांबवलाय, कुठली वेलांटी आखडलीये, हे कुठल्याही ट्यूटोरियलपेक्षा जास्त शिकवतं.

८. दुरून बघा

स्क्रीनवर झूम करून बघितलेलं काही कामाचं नाही. डिझाईन ए-फोर पानावर प्रिंट करा, भिंतीला लावा, मागे सरका. ६ फुटी बोर्ड आडव्या पानावर ११ इंचांचा झाला असेल तर तुमचे ६ फूट म्हणजे प्रत्यक्षातले जवळपास ४० फूट. डोळे किलकिले करा आणि बघा शब्दाची पांढरी पोकळी दिसते की नुसती काळी पट्टी. आणि ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगा, तुम्हाला पाठ असतो म्हणून तुम्हाला चूक दिसणारच नाही. मी स्वतः "घान्य" शंभर वेळा बघून "धान्य" वाचत होतो.

यूट्यूब थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचा करतो आपण, पण मोबाईलवर तो अंगठ्याएवढा दिसतो. १० टक्क्यांवर झूम-आउट करून बघा, चार शब्दांच्या वर काही वाचता येणार नाही.

९. प्रेसला फाईल देताना

प्रेसवाल्याकडे तुमचा फॉन्ट नसतो असंच धरून चाला. फाईलची एक प्रत टाइप केलेल्या अवस्थेत स्वतःकडे ठेवा, आणि दुसरीत अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टची गरज न उरणारे नुसते आकार करा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाईन्स, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. मग जमत असेल तर सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ द्या. कर्व्ह केलेल्या अक्षराला डीपीआयची (इंचात किती ठिपके याची) चिंता नसते, फोटो असेल तर तेवढं प्रेसला विचारा.

कर्व्ह केल्यावर मराठीची एक खास गोष्ट समोर येते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणूनच ती सलग दिसते. फ्लेक्सला त्याने काही बिघडत नाही. पण गाडीच्या काचेवर किंवा दुकानाच्या दारावर रेडियम कटिंग करायचं असेल तर मशीनची ब्लेड प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते, आणि सलग हवी ती शिरोरेषा दर अक्षराला उभी कापली जाते. चिकटवताना तुकडे सुटे निघतात आणि दोन महिन्यांत त्या सांध्यातून कोपरे उचकटायला लागतात. म्हणून कटिंगला देण्याआधी पूर्ण शब्द सिलेक्ट करून वेल्ड करा, म्हणजे सगळं जोडून एकच आकार करा (इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन), मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दिसतात त्या व्ह्यूमध्ये) जाऊन खात्री करा की शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ उरलेली नाही. अर्धपारदर्शक रंग द्यायचा असेल तरी हेच करा, त्याशिवाय सांध्यांवर गडद पट्टे दिसतात.

वेल्ड केल्यावर भ, ध, थ च्या फटी पुन्हा एकदा झूम करून बघा, शेजारच्या कान्याची शिरोरेषा त्यात घुसली असेल तर कडेवरचे दोन नोड (ठिपके) धरून मागे ओढा, आणि मगच फाईल पाठवा.